डब्याआधीची चूक

आमच्या ऑफिसात बारा माणसं एकाच पुरुषाला 'अहो' म्हणून हाक मारायची, आणि त्यातले आठ पुरुष होते. याला कारण कंपनीचं धोरण. सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची, वय नि हुद्दा बघायचा नाही, असा नियम. आता पंचावन्न वर्षांच्या, सहा फुटी, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायची छाती आमच्यातल्या एकाचीही नव्हती. 'सर' त्यांना चालत नसे. सर शाळेत असतात, म्हणायचे. 'साहेब' म्हटलं की मागे वळून कोण आलंय ते बघायचे. उरलं 'अहो'. एका दसऱ्याला लॅपटॉपच्या पूजेला त्यांच्या मिसेस आल्या होत्या. त्यांनी दारातून दोनदा 'अहो' अशी हाक मारली, हे फळ्याकडे तोंड करून उभे. मान न वळवता म्हणाले, "येतो. आधी तुझं काय अडलंय ते लिहून ठेव." त्या बाईंनी हे पुढे वर्षभर आम्हाला ऐकवलं.

आमची कंपनी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं हा धंदा, आणि अहो आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. गिरणीचं आवार आणि गिरणी कामगाराचा मुलगा हे दोन्ही हाताशी असल्यावर एचआरच्या मुलीला राहवलं नाही. बाप मागावर, मुलगा लॅपटॉपवर, असा छोटा व्हिडिओ करायचा तिने घाट घातला. कॅमेरा वगैरे लावून झाला. तेव्हा हे म्हणाले की बाप या गिरणीत नव्हता, पलीकडच्या गिरणीत होता, आणि त्याला ते काम अजिबात आवडायचं नाही. व्हिडिओ तिथेच बारगळला.

त्यांच्या खिशाला चार रंगांची चार पेनं असत आणि हातात हिरव्या चौकटींची वही. ईमेलला उत्तर म्हणून ते स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहत. फळ्यावर बाकीच्या टीम कामांची यादी लिहायच्या, आमच्या फळ्यावर माणसांची नावं असत आणि प्रत्येक नावापुढे काय अडलंय ते. 'काही नाही' असं लिहिलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. काही अडलं नाही म्हणजे तू काम करत नाहीयेस किंवा मला सांगत नाहीयेस, एवढे दोनच अर्थ त्यांच्या कोशात होते.

टक्क्यांशी तर त्यांचं वैरच. एकदा एकाने छाती फुगवून सांगितलं की नव्वद टक्के काम झालंय. अहोंनी विचारलं, वरळीहून दादरला चाललेला माणूस नव्वद टक्के पोचला म्हणजे कुठे आहे? तो बिचारा विचार करून म्हणाला, पोर्तुगीज चर्चपाशी. "मग चर्चपाशी आलोय असं सांग ना. टक्के घेऊन मी काय करू?" तेव्हापासून आमच्यात कामाची प्रगती प्रभादेवी, चर्च, कबुतरखाना अशीच मोजली जायची. डायरेक्टरांना पाठवायच्या अहवालात एकदा चुकून 'प्रभादेवी' गेलं आणि त्यांनी तिथे आपलं कुठलं ऑफिस आहे म्हणून विचारलं होतं.

भांडणांसाठी त्यांच्याकडे डिलाईल रोडचा पूल होता. दोघांची जुंपली की दोघांनाही घेऊन ते पायी निघत. पुलापर्यंत जाताना प्रत्येकाने आपली बाजू मांडायची, येताना समोरच्याची. येतानाचा रस्ता नेहमी लांब वाटायचा, कारण समोरच्याची बाजू मांडायला आधी ती ऐकलेली असावी लागते. मी स्वतः तीनदा हा फेरा केलाय. तिन्ही वेळा येताना माझी बोलती बंद झाली होती. तो पूल काही वर्षं बंद होता. त्या काळात आमच्या मजल्यावर भांडणं जास्त झाली असं जुनी माणसं सांगतात, खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

नेतृत्व शिकवायला कंपनीने एकदा एका महागड्या हॉटेलात शिबिर घेतलं. त्यात डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो, असा एक प्रकार होता. अहोंची पाळी आली. त्यांनी मागे उभ्या असलेल्या चौघांकडे नीट बघून घेतलं आणि शिकवणाऱ्या बाईंना शांतपणे सांगितलं की मला झेलायला चौघं लागतील, आणि यातल्या तिघांना मी अजून ओळखत नाही. नंतर चहाच्या वेळी त्या तिघांपाशी जाऊन घर कुठे, घरी कोण कोण, सगळी चौकशी केली. शिबिराचं प्रमाणपत्र पुढे त्यांच्या ड्रॉवरमध्ये लोणच्याच्या बरणीखाली पसरलेलं मी पाहिलंय.

मला त्यांनी नोकरीवर घेतलं तेव्हा प्रश्न एकच विचारला होता: घरी भांडण झालं की पहिलं कोण बोलतं? मी गिरगावातली, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातली, उत्तरं पाठ करून गेलेली. हा प्रश्न पाठात नव्हता. म्हणून खरं तेच तोंडातून गेलं, "मी तरी नाही." ते वहीत काहीतरी लिहून म्हणाले की सोमवारपासून ये.

पण त्यांचा सगळ्यात विचित्र नियम डब्याचा. बरोबर एक वाजता मोठ्या टेबलाच्या टोकाला बसून ते चार कप्प्यांचा स्टीलचा डबा उघडायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून त्यात मासा असायचा आणि सगळ्या मजल्याला कळायचं. तर नियम असा: "डब्याआधी सांगितलेली चूक आपल्या दोघांची. डब्यानंतर सांगितली तर तुझी एकट्याची." मला हे पोरकट वाटायचं. चूक सकाळीच सापडली पाहिजे असा काही कायदा आहे का, असं मी विचारलंही होतं. दुपारी सापडली तर दुसऱ्या दिवशीचा डबा आहेच की, सापडल्यानंतरचा पहिला डबा मोजायचा, असा त्यांनी खुलासा केला. हे सगळं ते अगदी गंभीरपणे बोलायचे.

आणि पाळायचेही. आमच्यातल्या एकाने एका क्लायंटचा आठवडाभराचा डेटा पुसला आणि पंधरा मिनिटांत येऊन सांगितलं. अहो खुर्ची ओढून दिवसभर त्याच्या शेजारी बसले, लागेल असा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्याने त्याहून बारीक गोष्ट दुपारी चारपर्यंत दाबून ठेवली. त्याला ते 'तुम्ही' म्हणाले. एरवी सगळ्यांना तू. त्यांचं 'तुम्ही' ऐकलेला माणूस दोन दिवस नीट जेवत नसे.

आता माझ्या चुकीकडे येते. त्याआधी केकबद्दल सांगायला हवं. दर एक जूनला आम्ही अहोंचा वाढदिवस करायचो आणि ते दरवर्षी सांगायचे की हा काही माझा खरा वाढदिवस नाही. आमच्या आईबापांच्या पिढीत, आणि अहोंच्याही पिढीत बऱ्याच घरांत, जन्मतारीख लिहून ठेवलेली नसे. शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. "ज्या मास्तरांनी लिहिला त्यांच्या नावाने," असं म्हणून अहो केकचे दोन तुकडे खायचे. माझ्या वडिलांचाही कागदावरचा वाढदिवस एक जूनच आहे. घरी आम्ही तो कोजागिरीला करतो, कारण आजी तसं सांगायची. म्हणजे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही.

परळच्या एका हॉस्पिटलचं काम आलं होतं. त्यांच्याकडे ओपीडीच्या नोंदी वेगळ्या आणि लॅबच्या वेगळ्या, दोन्हीकडे पेशंटचे नंबर निरनिराळे. एका माणसाच्या दोन्ही नोंदी जोडून एकच फाईल करायची होती. मी नुकतीच टीम लीड झाले होते, जेमतेम पंधरा दिवस. ती जागा परबांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. परब आमचे टेस्टर, लालबागचे, पन्नाशीचे, आम्ही बनवलेल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा पगार घेणारे. मी बैठकीत सांगितलं की पूर्ण नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच समजायचा. परबांनी हात वर केला.

"ओ मॅडम, आमच्या एका वाडीत चार सुरेश असत. बापाशीचा नावपण एकच."

मी म्हणाले, "परब, मी जन्मतारीखपण जुळवतेय. तुमचे चारही सुरेश एकाच दिवशी जन्मले का?"

सगळे हसले. परबही हसले आणि त्यांनी वही मिटली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. अहो मात्र हसले नाहीत.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलात नवीन सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. एक विश्वस्त फीत कापायला येणार होते, फलक छापून तयार होता. आदल्या शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला मी जोडलेल्या फाईली सहज चाळत होते. एका माणसाचा रक्तगट एका कागदावर बी पॉझिटिव्ह आणि दुसऱ्यावर ओ पॉझिटिव्ह. मला वाटलं, लिहिण्यातली चूक. पुढच्या फाईलला एका बाईंना एका वर्षी मधुमेह आणि पुढच्या वर्षी औषधाशिवाय साफ बरा. मग मी जन्मतारखांचा रकाना उघडला. एक जून. एक जून. एक जून. खाली सरकवत गेले तशी तीच तारीख येत राहिली. वर्षंही अंदाजाने लिहिलेली, तीही जुळलेली. परबांचे चारही सुरेश कागदावर खरोखरच एकाच दिवशी जन्मले होते आणि मी त्यांचा एक माणूस करून टाकला होता.

सोमवारी डॉक्टर त्यातली एखादी फाईल उघडणार आणि भलत्याच माणसाचा रक्तगट बघणार. एवढं कळत असूनही मला पहिली भीती पेशंटची वाटली नाही, परब काय म्हणतील याची वाटली. हे लिहिताना लाज वाटते. मी ठरवलं की कोणाला सांगायचं नाही, संध्याकाळपर्यंत आपणच गुपचूप निस्तरायचं. संध्याकाळपर्यंत ते होण्यासारखं नव्हतं, हेही मला आतून ठाऊक होतं.

एक वाजला. सगळे टेबलाशी बसले. अहोंनी डबा समोर ठेवला आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिले. आम्हाला म्हणाले, तुम्ही सुरू करा. मग पापलेटचे भाव कसे वाढलेत यावर बोलत बसले. पावणेदोनला उठले आणि बंद डबा घेऊन आपल्या जागेवर गेले. अडीच वाजता परब त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले, कारण अहोंना साखर होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"गोळी घेतलात मां? मग जेवा की ओ."

"जेवतो रे. घाई काय आहे?"

मी स्क्रीनच्या आडून बघत होते. त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला, पण डबा उघडला नाही. मला आधी वाटलं, यांना भूक नसेल, आपला काय संबंध. मग संबंध कळला आणि भयंकर राग आला. ही कुठली पद्धत? आजारी माणसाने उपाशी बसून दुसऱ्याला पेचात पकडायचं? रागाच्या भरात सव्वातीनला मी उठले आणि त्यांच्या टेबलापाशी गेले.

"डबा उघडा," मी म्हणाले.

"आधी बोल."

मी सगळं सांगितलं. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: अशा फाईली किती, कुठे कुठे गेल्यात, आणि अजून कोणाला ठाऊक आहे. दोनशे अकरा, अजून फक्त आपल्याकडेच, कोणालाच नाही. मग त्यांनी डबा उघडला आणि तिसरा कप्पा माझ्याकडे सरकवला. बांगड्यांचं झणझणीत तिखलं होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

"आपल्या दोघांची चूक," ते घास घेत म्हणाले. "माझा एक जूनच ना गं. इतकी वर्षं केक खातोय, मला नको होतं सुचायला?"

त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. म्हणाले, तू सकाळपासून कोणाला काही विचारलं नाहीस. लीड झालेला माणूस हळूहळू कमी विचारायला लागतो, पण आज तू एकदाही जागेवरून उठली नाहीस.

जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं आणि स्वतः मागे जाऊन बसले. मला काय करायचंय ते सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. ज्यांच्यासमोर मी परबांचं हसं केलं होतं त्यांच्यासमोर मी म्हणाले की परबांनी सांगितलेलं बरोबर होतं आणि मी ऐकलं नाही. मान खाली घालून नाही, परबांकडे बघून म्हणाले. आयुष्यात भांडणानंतर पहिलं बोलायची ती माझी पहिलीच वेळ. परबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि विचारलं, यादी खंय आसा?

डायरेक्टरांनी फोनवर आकाशपाताळ एक केलं. सोमवार चुकवायचा नाही, फाईली नंतर सुधारता येतील, असं त्यांचं म्हणणं. अहो 'नाही' एवढंच म्हणत होते, चार वेळा म्हणाले. शनिवारी सकाळी ते मला घेऊन हॉस्पिटलात गेले. तिथल्या मुख्य डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चूक कोणाची म्हणून विचारलं. आता हे 'आमची' म्हणणार, असं मी धरून चालले होते.

"चूक हिची," अहो म्हणाले. "शोधलीही हिनेच, म्हणून सोमवारी तुमच्या डॉक्टरांच्या हातात चुकीचा कागद जाणार नाही. दुरुस्तही हीच करणार. काही विचारायचं असेल तर हिला विचारा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग कागद पुढे ओढून तासभर मलाच प्रश्न विचारले. त्यातल्या अर्ध्यांची उत्तरं अहोंना देता आली नसती. शेवटी त्यांनी सोमवारऐवजी गुरुवार दिला आणि स्वतःचा मोबाईल नंबर मला दिला, अहोंना नाही. जिना उतरताना मी फुरंगटूनच विचारलं की काल तर आपल्या दोघांची होती. ते म्हणाले, घरात दोघांचीच आहे. पण बाहेर 'आमची आमची' केलं की समोरच्याला कळतच नाही, विश्वास ठेवायचा तो कोणावर.

पुढचे चार दिवस परबांनी टीम चालवली. अहोंनी तसं जाहीर केलं आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. हॉस्पिटलच्या जुन्या नोंदणीवह्यांत पत्ता असायचा, चाळ आणि खोली नंबर. त्यावरून दोन सुरेश वेगळे करायचे. परब पत्ता वाचूनच सांगायचे की हा करी रोडचा आणि हा काळाचौकीचा, मी त्यांना विचारून विचारून जोड्या सोडवायचे. दोनशे अकराच्या दोनशे अकरा फाईली आम्ही हाताने तपासल्या. गुरुवारी विश्वस्तांनी फीत कापली, पहिला पेशंट नोंदवला गेला, आणि दिवसभरात डॉक्टरबाईंचा एकच फोन आला, तोही अक्षर मोठं करता येईल का म्हणून.

शुक्रवारी डायरेक्टर स्वतः आमच्या मजल्यावर आले. मला लीड ठेवायचं की नाही याचा निकाल लावायला आलेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला तर चांगलंच. त्यांनी अहोंना बाजूच्या केबिनमध्ये यायची खूण केली. अहो जागचे हलले नाहीत.

"मला कशाला विचारता? माझ्या हाताखाली ती नीटच वागेल," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "परबला विचारा."

डायरेक्टर परबांकडे वळले. नको म्हणायला परबांपाशी सगळी कारणं होती. त्यांची जागा मला गेली होती, वर मी त्यांचं हसं केलं होतं, आणि चार दिवस त्यांनी टीम माझ्यापेक्षा बरी चालवून दाखवली होती. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते. परबांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि खोट सापडल्यावर सांगतात त्याच सुरात म्हणाले,

"ठेवा तिका. दुसरो कोण इलो तर तो परत पयल्यापासून चुकतलो."

अहो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी आता तीन टीम सांभाळते आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रावर डायरेक्टरांची सही आहे. पण मला नेमलं ते परबांनी, आणि हे परबांना विचारायचं असतं हे त्या मजल्यावर एकट्या अहोंनाच सुचलं होतं.